धरणाच्या सांडव्यावर गोण्या टाकून 2 फूट पाणी वाढवायचं म्हणताय गावातले, टाकू द्यायच्या का?

बोरीकाठचा_शेतकरी (पारोळा तालुका)

नमस्कार मंडळी. आमच्या गावाच्या वर 72 च्या दुष्काळात बांधलेलं मातीचं धरण आहे, कागदावर पाझर तलाव, आम्ही धरणच म्हणतो. माझी आजी त्या पाळीवर माती टाकायला होती, सुकडी खाऊन दिवस काढले ती सांगायची. पाळ साधारण 25 फूट उंच, पसारा भरल्यावर 10 एकरच्या आसपास. यंदा पोळ्याच्या आधीच सांडव्याला (जादा पाणी बाहेर जायची वाट) पाणी लागलं, आता रोज थोडं थोडं वाहून जातंय आणि ते बघून लोकांचा जीव तुटतोय कारण मागची दोन वर्षं दादर (रब्बीची ज्वारी) आणि हरभरा, दोन्ही पिकं विहिरी आटल्यामुळे हातचे गेले. तर 8-10 जणांनी ठरवलंय की युरियाच्या रिकाम्या गोण्यांमधे मुरूम भरून सांडव्यावर 2 फुटाचा थर लावायचा. म्हणतात केटी वेअरला (कोल्हापुरी बंधाऱ्याला) पाट्या टाकतात, पांझरा नदीवर फडाच्या (पाटाने शेतांना पाणी देणाऱ्या जुन्या) बंधाऱ्यांवरून तर पाणी उड्या मारत जातं, काय होतं त्यांना? मला बरोबर वाटत नाहीये पण नेमकं उत्तर देता येत नाही. अजून एक, पाळीच्या खालच्या अंगाला एका जागी ओल दिसतेय, गवत तिथेच हिरवंगार आहे. याचा काही संबंध आहे का? हत्तीचा पाऊस अजून बाकी आहे म्हणून लवकर सांगा.

निवृत्त_जेई

दादा, गोण्या टाकू देऊ नका. जेई, म्हणजे ज्युनिअर इंजिनिअर म्हणून 30 वर्षं लघु पाटबंधाऱ्याच्या कामांवर काढली आहेत म्हणून सांगतो.

फडाचे बंधारे दगडी आहेत, अंगावरून पाणी जाण्यासाठीच बांधलेत. केटी वेअरपण दगडी किंवा काँक्रीटचा, आणि त्याच्या पाट्यासुद्धा पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यात टाकतात, पुराच्या आधी काढून ठेवतात. तुमची पाळ मातीची आहे. मातीच्या पाळीवरून वीतभर पाणी जरी तासभर वाहिलं तरी ते खालच्या उतारावर घळ पाडतं, ती घळ मागे मागे खात वर येते आणि एकदा माथा कापला गेला की पुढचं थांबवणं कुणाच्या हातात नाही. पानशेत मातीचंच होतं, 12 जुलै 1961 ला काय झालं ते अख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे. आणि 2 जुलै 2019 ला रात्री चिपळूणकडचं तिवरे धरण फुटलं, तेही मातीचंच, लहानच, वीसहून जास्त माणसं गेली.

आता गोण्यांचा हिशोब बघा. सांडव्याच्या तळापासून पाळीच्या माथ्यापर्यंत किती उंची आहे? 5 फूट धरू. लोकांना वाटतं ती 5 फूट जागा रिकामीच पडलीय. ती रिकामी नाहीये. मोठा लोंढा आला की सांडव्यावरूनच 2-3 फुटाची धार जाते, त्यावर वाऱ्याच्या लाटा, वरून इतक्या वर्षांत पाळ बसलेली असते ती वेगळीच. 2 फूट गोण्या, त्यावर 3 फुटाची धार, झाले 5 फूट, पाणी माथ्याला! आणि धारेची उंची निम्मी झाली तर सांडव्यातून जाणारं पाणी निम्मं होत नाही, जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर येतं. म्हणजे गोण्यांनी वाटेची उंची कमी केली की धरण किती पटकन चढतं याचा अंदाजच येत नाही, आणि असा पाऊस रात्रीच येतो.

ओल हा वेगळा विषय पण गोण्यांशी जोडलेला. थोडा पाझर मातीच्या धरणाला असतोच, पाणी स्वच्छ असेल आणि वाढत नसेल तर घाबरू नका. गढूळ असेल तर आतली माती वाहून येतेय असं समजा आणि त्याच दिवशी खात्याला कळवा. काचेच्या बाटलीत भरून रात्रभर ठेवा, सकाळी तळाशी गाळ बसतो का बघा. ओलीच्या कडेने खुंट्या ठोका म्हणजे पसरतेय का कळेल. साठा 2 फूट वाढला की हाच पाझर जोर धरणार.

साक्रीची_ताई

जेई भाऊंचं सगळं पटलं पण लोकांचा मोह समजून घ्या हो. 10 एकर पसाऱ्यावर 2 फूट म्हणजे अडीच कोटी लिटरच्या आसपास पाणी होतं, आणि ज्याची विहीर जानेवारीत तळ दाखवते त्याला हे डोळ्यासमोर वाहून जाताना कसं वाटत असेल? नुसतं नको म्हणून चालत नाही.

आमच्या गावानेही हाच विचार केला होता, माझे सासरे आडवे पडले. ते म्हणायचे, "पानीले वाट देनी पडस, नही तं ते आपली वाट करी लेस." मग आम्ही गाळ काढला. एक ब्रास म्हणजे 2.83 घनमीटर, म्हणजे एका ब्रासला 2800 लिटरची जागा होते. अडीच कोटीला साडेआठ हजारांच्या वर ब्रास लागतील, एका उन्हाळ्यात होणार नाही हे खरं सांगते. पण पाझर तलावाचं पाणी तलावात टिकण्यासाठी नसतंच, ते जिरून विहिरीत जायला हवं. तळाला चिकट गाळाचा थर बसला की जिरणंच बंद होतं. आमच्याकडे पहिल्या वर्षी थोडाच गाळ निघाला तरी खालच्या विहिरींना फरक कळला, आणि ज्यांनी गाळ शेतात टाकला त्यांच्या बरड रानात पहिल्यांदा बरा मका आला. फक्त पाळीच्या पायथ्याला खोदायचं नाही, लांब राहायचं, आणि मुरूम लागला की थांबायचं.

काळी_माती

अजून एक, वरच्या बाजूच्या शेतकऱ्यांना विचारलंय का? पाणी 2 फूट चढलं की संपादनाच्या हद्दीबाहेरची जमीन बुडते, उभा कापूस जातो. आमच्या शेजारच्या गावात यावरून भाऊबंदकी झाली ती अजून मिटली नाही. सांडव्याच्या पुढची वेडी बाभूळ मात्र काढा, तिच्यामुळे पाणी अडतं. पाळीवर मोठं झालेलं झाड असेल तर स्वतः मुळासकट उपटू नका, मुळांची पोकळी राहते, आधी खात्याच्या माणसाला दाखवा. घुशीची बिळंपण बघा.

बोरीकाठचा_शेतकरी

सगळ्यांचे खूप आभार. तुमची उत्तरं काल रात्री पारावर मोठ्याने वाचून दाखवली. 2 फुटाचा हिशोब ऐकल्यावर एक काका म्हणाले आधी मोजून तर बघू, म्हणून आज सकाळी गवंड्याची लेव्हलची नळी घेऊन गेलो. जिथून बैलगाड्या आणि आता ट्रॅक्टर पाळ ओलांडतात तिथे माथा सव्वा फूट खाली बसलाय! म्हणजे आमच्याकडे 5 फूट नाहीतच, पावणेचारच आहेत. हे कळल्यावर गोण्यांचा विषय कुणीच काढला नाही, दोन ट्रॉल्या भरून ठेवल्या होत्या त्या परत नेल्या.

बाटलीतलं पाणी सकाळी स्वच्छ होतं, तळाशी काही नाही. चार खुंट्या ठोकल्या, लाल रंग लावलाय, शाळेतली दोन मोठी पोरं रोज बघणार आहेत. ट्रॅक्टरची वाट काटे टाकून बंद केली. खचलेल्या जागेचा आणि ओलीचा फोटो लावून खात्याला अर्ज दिला, पोच घेतली. ताई, गाळ कोणत्या महिन्यात सुरू केला होता आणि ट्रॅक्टरवाल्यांशी ब्रासचा भाव कसा ठरवला ते सविस्तर सांगा ना, ग्रामसभेत मांडायचं आहे.

साक्रीची_ताई

एप्रिलच्या शेवटी, तळ पूर्ण वाळल्यावर. ओल्यात मशीन रुतते. मशीन लोकवर्गणीतून लावलं, वाहतूक ज्याने गाळ नेला त्याची. आमची वही आहे अजून, ट्रॉल्या मोजलेली, उद्या फोटो टाकते.