बिलिंगचं वेब ॲप महिनाअखेरीला रांगतंय, मोठा सर्व्हर घ्यायचा का?

फोंड्याचो_कोडर
नमस्कार मंडळी, म्हापशातल्या एका औषधांच्या होलसेलरला आम्ही दोघांनी ऑर्डर-बिलिंगचं वेब ॲप करून दिलंय, पीएचपी आणि मायएसक्यूएलमध्ये, सर्व्हर अमेरिकेत कारण तेव्हा स्वस्त पडला. सेल्समन पेडण्यापासून काणकोणपर्यंत फिरतात आणि मोबाइलवरूनच ऑर्डर टाकतात. एरवी बरं चालतं पण महिनाअखेरीला आणि चवथीच्या आधी सगळं अडकतं, उधारीचा रिपोर्ट उघडायला मिनिटाच्या वर जातो. मालक म्हणतात दुप्पट रॅम घ्या, पैसे मी देतो. पण त्यांचे पैसे असे वाया घालवायला माझं मन होत नाही. सर्व्हरवर उत्तर द्यायला लागणाऱ्या वेळेचा ॲव्हरेज बघितला तर ८०० मिलिसेकंद, म्हणजे चांगलाच आहे ना? मग लोक ओरडतायत का?

लॉग_वाचणारा
ॲव्हरेजवर जाऊ नको रे. १०० पैकी ९० रिक्वेस्ट ०.४ सेकंदात आल्या आणि १० रिक्वेस्ट ४.४ सेकंदात, तरी ॲव्हरेज ८०० मिलिसेकंदच येतो, आणि ओरडणारे त्या १० मधलेच असतात. पी९५ बघ, म्हणजे १०० पैकी ९५ रिक्वेस्ट किती वेळाच्या आत संपतात ते, आणि तेही प्रत्येक पानाचं वेगळं काढ, सगळ्याची खिचडी नको. वेब सर्व्हर एनजिनएक्स असेल तर नेहमीच्या लॉगमध्ये वेळ येत नाही, फॉरमॅटमध्ये रिक्वेस्ट_टाइम घालावा लागतो.
मग मायएसक्यूएलचा स्लो क्वेरी लॉग, म्हणजे डेटाबेसला टाकलेल्या हळू क्वेरींची (प्रश्नांची) नोंद, चालू कर. तो मुळात बंद असतो, आणि चालू केलास तरी १० सेकंदांच्या वरच्याच क्वेरी धरतो, म्हणून मर्यादा १ सेकंदावर आण. सापडलेल्या क्वेरीला एक्स्प्लेन लाव (ती कशी चालते ते दाखवतं), टाइपच्या रकान्यात ऑल दिसलं की अख्खं टेबल वाचलं जातंय असं समज, तिथे इंडेक्स (पुस्तकाच्या सूचीसारखी, ओळी पटकन शोधायची सोय) बघायचा. सर्व्हर विकत घेण्याचं त्यानंतर.

मडगाव_फ्रंटएंड
वरचं सगळं पटलं, पण तो आकडा सर्व्हरवरचा आहे, नेत्रावळीत उभ्या असलेल्या सेल्समनच्या मोबाइलवरचा नाही. इथून अमेरिकेला जाऊन यायलाच २०० मिलिसेकंदांच्या वर लागतात, आणि नवीन कनेक्शनला टीसीपीची (जोडणी उघडायची) एक फेरी, टीएलएसची (एन्क्रिप्शन ठरवायची) किमान एक, मग खुद्द रिक्वेस्टची, म्हणजे पहिला बाइट यायच्या आधीच अर्ध्या सेकंदाच्या वर गेले, रॅम कितीही घाल. सर्व्हर मुंबईत आण, फरक लगेच कळेल.
वेब व्हायटल्सची (पान वापरणाऱ्याला किती झटपट वाटतं त्याची मापं) छोटी लायब्ररी घालून खऱ्या मोबाइलवरचे आकडे गोळा कर. एलसीपी (पानातला सगळ्यात मोठा भाग दिसायला लागणारा वेळ) २.५ सेकंदांच्या आत, आयएनपी (टॅप किंवा टाइप केल्यावर पडद्यावर फरक दिसायला लागणारा वेळ) २०० मिलिसेकंदांच्या आत, आणि हे ७५ टक्के भेटींमध्ये जमलं पाहिजे. आयएनपी मार्च २०२४ पासून एफआयडी या जुन्या मापाच्या जागी आलाय आणि ऑर्डरच्या फॉर्मला मी तोच सगळ्यात महत्त्वाचा मानते, कारण औषधाचं नाव टाइप करताना अक्षर उमटायला उशीर झाला की माणूस वैतागून वहीत लिहायला लागतो. हजारो औषधांची यादी एकदम ड्रॉपडाऊनमध्ये ओतली असशील तर ती आधी काढ.

फोंड्याचो_कोडर
खूप आभार दोघांचे! दोन रात्री बसलो. रिपोर्टमध्ये प्रत्येक दुकानदारासाठी वेगळी क्वेरी जात होती, ६०० दुकानं म्हणजे ६०१ क्वेरी, आणि बिलांच्या टेबलला दुकान व तारखेचा इंडेक्सच नव्हता. एका जॉइनमध्ये (टेबलं जोडून एकाच क्वेरीत) आणलं, इंडेक्स घातला, ७० सेकंदांचं काम ३ वर आलं. ड्रॉपडाऊनही तसाच होता, आता तीन अक्षरं टाकल्यावर शोधतो. एक मात्र कळत नाही, मालक एका टॅबमध्ये रिपोर्ट लावतात तेव्हा त्यांच्या दुसऱ्या टॅबमध्ये साधं बिलही उघडत नाही, बाकीच्यांचं मात्र चालू असतं. टेबल लॉक होतंय का?

लॉग_वाचणारा
टेबल लॉक असतं तर सगळेच अडकले असते. फक्त त्यांचंच अडकतंय म्हणजे पीएचपीचं सेशन (लॉगिन केलेल्या माणसाची सर्व्हरवरची नोंद). सेशन फाइलमध्ये असेल तर एक रिक्वेस्ट संपेपर्यंत ती फाइल लॉक राहते आणि त्याच माणसाची दुसरी रिक्वेस्ट मागे थांबून राहते. रिपोर्टच्या सुरुवातीला लॉगिन तपासून झालं की लगेच सेशन_राइट_क्लोज कर (सेशन बंद करून लॉक सोडणारं फंक्शन), फक्त त्यानंतर त्या पानावर सेशनमध्ये काही लिहू नको.

फोंड्याचो_कोडर
तेच होतं! एका ओळीत सुटलं. मुंबईचा सर्व्हर या रविवारी लावतो, दुकान बंद असतं तेव्हा, आणि पी९५ आधीचा नंतरचा दोन्ही इथेच टाकतो.