बाबांच्या फ्लॉप्या आणि केसरबाईंची सुई

फोंड्याचा सोल्डर विचारतो:

मंडळी, प्रश्न दोन ओळींचा आहे. पण दोन ओळींत विचारायची मला सवय नाही, तेव्हा चहा घेऊन बसा.

चवथीच्या आधी घर झाडायला काढलं. माळ्यावर माटोळीच्या (गणपतीवर फळं-पानं टांगतात त्या) चौकटीमागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. आत २३ फ्लॉप्या, साडेतीन इंची. बाबांच्या हातची लेबलं: 'म्हार्दोळ जत्रा', 'लग्नपत्रिका जुन्या', 'अंक १', 'अंक २', आणि एकीवर नुसतंच 'महत्त्वाचे', खाली दोन रेघा. बाबा आधी टायपिस्ट होते. नंतर १९९६ पासून सातेक वर्षं त्यांनी आमच्या पडवीत डीटीपीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर मांडून द्यायचा, धंदा केला. जत्रेतल्या नाटकांची हँडबिलं, पावती पुस्तकं, सत्यनारायणाची आमंत्रणं. गावात नाटक बसलं की संहिताही तेच टाइप करून द्यायचे, म्हणजे प्रत्येक नटाला आपापली प्रत मिळायची आणि पाठांतर न करायला सबब उरायची नाही. (तरी करत नसत. प्रॉम्प्टर विंगेतून ओरडायचा ते मला मागच्या रांगेत ऐकू यायचं.)

त्यातलं एक नाटक बाबांनी स्वतः लिहिलेलं. देवळाच्या कालोत्सवाला एकदाच झालं. हस्तलिखित पुढे कौल फुटलं त्या पावसाळ्यात भिजून लगदा झालं. ते 'अंक १', 'अंक २' हेच असावं, असा माझा अंदाज.

यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह मागवला. पहिल्या चार धडाधड वाचल्या. पाचवीने दाराच्या बिजागरीसारखा आवाज काढला. सहावीपासून ड्राइव्ह काहीच वाचेना, आधी वाचलेल्याही नाही. आणि ज्या फायली मिळाल्या त्या उघडल्या तर रोमन अक्षरांचा चिवडा, मधे मधे टोप्या घातलेली अक्षरं. फॉन्ट नाही ना! तो ज्या कॉम्प्युटरवर होता तो कधीच भंगारवाल्याने नेला. बाबा आता ८१ वर्षांचे. विचारलं, फॉन्ट कुठला होता? म्हणाले, "दुकानदारानं दिला होता. मराठी होता."

आता विषयांतर. माझं आजोळ केरी. पेडण्याची नव्हे, सत्तरीचीही नव्हे, फोंड्याची. म्हणजे सूरश्री केसरबाई केरकरांचं गाव. १९७७ साली नासाने अंतराळात सोडलेल्या व्हॉयेजरच्या दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तीत केसरबाईंची 'जात कहां हो' ही भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबरला, आणि केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. आजी हे सांगताना दर वेळी तारखांपाशी थांबायची. तबकडीवर ५५ भाषांत नमस्कार आहेत, त्यांत मराठीही आहे. कोंकणी नाही, त्यावरून आमच्या घरात दर चवथीला एकदा तरी वाद होतो.

पण मला त्या तबकडीतलं सगळ्यात काय आवडतं सांगू? तिच्याबरोबर सुई दिलेली आहे. वरच्या झाकणावर कोरून ठेवलंय की सुई कुठे टेकवायची, तबकडी किती वेगाने फिरवायची. आणि वेग मिनिटांत सांगून उपयोग नाही, कारण समोरच्याकडे आपलं घड्याळ कुठून असणार? म्हणून हायड्रोजनच्या अणूत होणाऱ्या एका बदलाला लागतो तो काळ माप म्हणून धरलाय. हायड्रोजन सगळीकडे सारखाच. केवढी ही माणसांची दूरदृष्टी! आणि आमचे बाबा, तीसेक किलोमीटरवर पणजी, तिथे जाऊन कुठल्या दुकानातून फॉन्ट आणला तेवढंही लिहून ठेवलं नाही.

तर प्रश्न: (१) ड्राइव्ह मेला का? (२) फॉन्टशिवाय मजकूर परत मराठीत आणता येईल का?

---

मुरगाव बंदर लिहितो:

ड्राइव्ह मेला नाही, घाण झालाय. पाचवीवर बुरशी होती, ती तू त्याच्या हेडला, म्हणजे फ्लॉपी वाचणाऱ्या टोकाला, चोपडलीस. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या दमटपणात माळ्यावर ठेवलेली फ्लॉपी म्हणजे पापड. आता त्याच हेडने चांगली फ्लॉपी घातलीस तर तिच्यावर ओरखडा पडेल. थांब तिथेच.

हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस. नाकाला लावायचं अत्तर किंवा फेणी चालणार नाही, हे मी गमतीने सांगत नाही, एकाने माझ्यासमोर केलंय. नंतर प्रत्येक फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण बोटाने सरकव, मागचं चाक फिरवत फिरवत आतली तपकिरी तबकडी उजेडात बघ. पांढरे ठिपके किंवा जाळी दिसली तर कापूस गुंडाळलेली काडी, तेच अल्कोहोल, हलक्या हाताने. वाळू दे. उन्हात नको. तांदळाच्या डब्यातही नको, पीठ आत जातं.

आणि कोपऱ्यातली ती छोटी पट्टी सरकवून भोक उघडं कर. भोक उघडं असलं की फ्लॉपीवर काही लिहिलं जात नाही. विंडोज अधूनमधून विचारतं ना, "फॉरमॅट करू का?" एखाद्या रात्री झोपेत हो म्हणशील.

फायली एकेक कॉपी करू नकोस. अख्ख्या फ्लॉपीची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, काढ. लिनक्सवर डीडीरेस्क्यू लाव. ते आधी चांगला भाग उचलतं, मग अडलेल्या जागेवर परत परत डोकं आपटतं. १,४७,४५६० बाइट, जास्त नाहीत. स्वल्पविराम चुकला, १४,७४,५६० वाच. तरी नाही वाचली तर जुन्या पीसीतला ३४ पिनांचा ड्राइव्ह शोध आणि ग्रीसवीझल नावाचा बोर्ड घे. तो शून्य-एक न बघता चुंबकीय चढउतारच उतरवून घेतो, नंतर निवांत बसून अर्थ लावायचा. यूएसबीवाल्या ड्राइव्हला ते जमत नाही.

---

म्हापशाची डीटीपीवाली लिहिते:

सोल्डर, तुझे बाबा टायपिस्ट होते असं लिहिलंस ते फार उपयोगाचं. त्या काळी दोन तऱ्हा होत्या. एक सीडॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएमसारखी: मधे एक प्रोग्राम बसायचा, आपण कळ दाबायची आणि तो फॉन्टमधले तुकडे जुळवायचा. दुसरी तऱ्हा गरिबाची: फॉन्टच असा केलेला की इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी टाइपरायटरच्या कळा. मधे कोणी नाही. जी कळ दाबली तेच फाइलमध्ये. टायपिस्ट लोक हेच वापरायचे, कारण त्यांची बोटं आधीच तयार असायची. मीही तशीच शिकले, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारामागे एका माळ्यावर टायपिंगचा क्लास होता, खाली सुक्या मासळीचा वास.

आधी सोपं ते कर. फाइल वर्डपॅडमधली असेल तर ती नोटपॅडमध्ये उघड. मजकुराच्या आधी जी कंसांची बजबजपुरी दिसते, तीत फॉन्टचं नाव लिहिलेलं असतं. नाव कळलं की अर्धं काम झालं, माझ्याकडे जुन्या फॉन्टांची सीडी आहे. हँडबिलं पेजमेकरमध्ये केलेली असणार. त्या फायली लिबरऑफिसच्या ड्रॉमध्ये उघडून बघ, मांडणी थोडी विस्कटेल पण मजकूर येतो.

---

ताळगाव पठार लिहितो:

सोल्डरकाका, फॉन्टचं नाव मिळालं नाही तरी घाबरू नका. मावशी म्हणतात तसा टाइपरायटरचा फॉन्ट असेल तर हे गुप्तलिपी फोडण्यासारखंच आहे, आणि फार सोपी गुप्तलिपी. फाइलमध्ये कुठलं चिन्ह किती वेळा आलं ते मोजा. सगळ्यात जास्त आलेलं चिन्ह म्हणजे काना, यावर मी पैज लावतो. एक तर मराठीत काना असतोच रग्गड. त्यात या फॉन्टांत ण, श अशी कितीतरी अक्षरं 'अर्धं अक्षर आणि उभी रेघ' अशी दोन कळांत लिहितात, आणि रेघेसाठी तीच कान्याची कळ.

खरी गोम पुढे आहे. टाइपरायटरवर आपण दिसतं त्या क्रमाने लिहितो. 'कि' लिहायचं तर आधी वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालतो त्या संकेतात, उच्चाराचा क्रम: आधी क, मग वेलांटी. रफाराचं उलट. 'सूर्य'मधला रफार टायपिस्ट शेवटी मारतो, युनिकोडला तो र् म्हणून य च्या आधी हवा. म्हणजे नुसतं 'हे काढ ते घाल' करून भागत नाही. आधी लांब तुकडे बदला, मग छोटे, मग प्रत्येक पहिली वेलांटी उचलून पुढच्या पूर्ण अक्षराच्या नंतर ठेवा, जोडाक्षर असेल तर अख्खं ओलांडून, आणि शेवटी रफार त्याच्या अक्षराच्या आधी न्या. पायथॉनमधल्या स्क्रिप्टच्या, म्हणजे छोट्या प्रोग्रामच्या, शंभरेक ओळी. मी लिहून देतो, इंटर्नल परीक्षा संपू दे.

एक विनंती. रफार आणि चंद्रकोरीसारखा र वेगळे ठेवा. दर्या आणि दऱ्या. गोव्यात बसून लिहिलेल्या नाटकात नायक दर्यात उडी मारणार असेल आणि माझ्या स्क्रिप्टने त्याला दरीत लोटलं तर बाबा मला सोडणार नाहीत.

---

सुशेगाद लिहितो:

एवढं करण्यापेक्षा बाबांसमोर मोबाइल ठेवा आणि नाटक तोंडी सांगायला लावा. बाकी ती व्हॉयेजरची तबकडी कोणी वाजवणार नाहीये. यान ४०,००० वर्षांनी कुठल्याशा ताऱ्याच्या जवळून जाईल, आणि ते 'जवळ' म्हणजे १.६ प्रकाशवर्षं.

---

फोंड्याचा सोल्डर लिहितो:

सुशेगाद बाब, तोंडी विचारून झालं. बाबा म्हणतात, "वाईट होतं ते नाटक, बरं झालं भिजलं." आणि तबकडी वाजणार नाही हे पाठवणाऱ्यांनाही ठाऊक होतंच की. तरी सुई दिली.

यानाचं निघालंच आहे तर हेही ऐका. २०२३ च्या नोव्हेंबरात व्हॉयेजर १ बरळायला लागलं. मेमरीतली एक चिप गेली होती. यानावरच्या सगळ्या संगणकांची मेमरी मिळून ७० केबीच्या आत; बाबांच्या एका फ्लॉपीत वीस वेळा मावेल. त्या अडगळीत जागा शोधून बिघडलेल्या चिपमधला कोड तुकड्या-तुकड्यांनी दुसरीकडे बसवला आणि २०२४ च्या २० एप्रिलला ते शुद्धीवर आलं. २४ अब्ज किलोमीटर. निरोप जायला साडेबावीस तास, उत्तर यायला तेवढेच. त्यासाठी या लोकांना सत्तरच्या दशकातल्या इंजिनियरांची जुनी कागदपत्रं चाळावी लागतात. कागद! मी ते वाचल्यावर बाबांच्या जुन्या डायऱ्या चाळल्या. नारळ किती उतरवले ते सगळं आहे. फॉन्ट नाही.

करून बघतो सगळं. लाईट गेली, बाकी उद्या.

---

फोंड्याचा सोल्डर लिहितो (नऊ दिवसांनी):

हिशेब देतो.

मुरगावबाब, हेड पुसल्यावर ड्राइव्ह उठून बसला. २३ पैकी १९ पूर्ण वाचल्या, दोन अर्ध्यामुर्ध्या. दोन गेल्या, त्यांच्यावर बुरशीने नकाशेच काढले होते. ग्रीसवीझल मागवलाय.

मावशी, फॉन्टचं नाव मिळालं: 'मराठी १'. दुकानदाराने स्वतःच्या हाताने नाव बदलून दिलेला दिसतोय. बाबा खरंच बोलत होते, मराठी होता.

मग ताळगावचा मुलगा म्हणाला तसं मोजायला बसलो. इंग्रजी 'के'ची कळ सगळ्यांच्या पुढे, दुसरं कोणी जवळपासही नाही. तोच काना. पण चाळीसएक चिन्हांवर गाडी अडली. तेव्हा सुचलं ते सांगतो. जुना कीबोर्ड बाबांपुढे ठेवला, जड कळांचा, खडखड वाजणारा. स्क्रीन त्यांच्याकडे पाठ करून. म्हटलं, 'श्री' टाइप करा. म्हणाले, "आता कुठे आठवतंय." म्हटलं, बरं, सोडा, 'ज्ञानेश्वर' टाइप करा. बोटं गेली. तोंडाने "आठवत नाही" चालू होतं आणि बोटं चालत होती! मग पूर्ण बाराखडी, मग जोडाक्षरं, 'क्ष', 'त्र', 'द्ध'. 'ऱ्या'ला थांबले, छताकडे बघितलं, शिफ्ट धरून करंगळी वर नेली. पंचवीस मिनिटांत अख्खा तक्ता माझ्या पडद्यावर. आई स्वयंपाकघरातून बघत होती. तिला तो आवाज वीस वर्षांनी ऐकू आला होता. "रात्री दोनपर्यंत हेच चालायचं," एवढं बोलून ती परत आत गेली.

स्क्रिप्ट चालली. पहिली फाइल उघडली ती जत्रेचं हँडबिल. 'नाटक रात्रौ ठीक ९.३० वाजता सुरू होईल.' ठीक! साडेअकराच्या आत पडदा वर गेलेला मी उभ्या जन्मात बघितला नाही.

नाटकाचे अंक १ आणि २ मिळाले. वाचले. बाबांचं मत अगदीच चूक नाही, पण दुसऱ्या अंकात तरीवर होडी अडकते तो प्रवेश मला फार आवडला, आणि त्यात 'दर्या' अकरा वेळा आलाय, अकराही वेळा पाणीच. अंक ३ त्या गेलेल्या दोन फ्लॉप्यांपैकी एकीवर असणार. शेवट काय होता विचारलं तर म्हणतात, "बोर्ड येऊ दे तुझा, मग बघू." म्हणजे आठवतोय.

आणि 'महत्त्वाचे'. खाली दोन रेघा असलेली. मला वाटलं नाटकाची शेवटची प्रत, नाहीतर कविता, नाहीतर आईला लिहिलेलं काहीतरी. ती उधारीची यादी निघाली. ३४ नावं, कोणाचं काय छापलं, किती दिले, किती राहिले. छापून बाबांच्या हातात दिली. चष्मा लावून त्यांनी वरून खाली सगळी वाचली, सातव्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा अजून आहे. फोन लाव."