सरकारच दारू विकणार आणि सरकारच 'बेतानं प्या' सांगणार, हे जमतं का?

तापीकाठ (चोपडा)
नमस्कार मंडळी. आमच्या गावात देशीच्या दुकानावरून सध्या जोरात वाद चालू आहे, बचत गटाच्या बाया म्हणतात आडवी बाटली करा, म्हणजे मतदान घेऊन दुकान बंद करा, बाकीचे म्हणतात बंद केलं तर हातभट्टी वाढेल. त्यात एक मित्र स्वीडनला आहे तो सांगतो की तिथं दारू सरकारी दुकानातच मिळते आणि तेच दुकान लोकांना कमी प्यायला लावतं. मला पटत नाही भो. ज्याचा गल्ला दारूवर भरतो तो कशाला कमी प्या म्हणेल? माहिती असेल तर सांगा, आपल्याला त्यातलं काही घेता येईल का ते पण.

धुळेकर_परदेशी
मी स्टॉकहोमलाच राहतो. दुकानाचं नाव सिस्टेमबोलागेट, १९५५ पासून चालू आहे. साडेतीन टक्क्यांच्या वरची बिअरसुद्धा किराणा दुकानात मिळत नाही, इथंच यावं लागतं. वयाची अट २०, आणि पंचविशीच्या आतला वाटला की ओळखपत्र मागतात, नसेल तर बाटली नाही, हुज्जत चालत नाही. काउंटरवाले खरंच विचारतात का हे बघायला कोवळ्या दिसणाऱ्या लोकांना गिऱ्हाईक बनवून पाठवतात. एक कॅन घ्या की चोवीस, दर तोच, सूट नाही. रविवारी बंद, शनिवारी दुपारी तीनला शटर खाली. बिअर थंड करून ठेवत नाहीत. पण मुख्य गोष्ट म्हणजे नफा वाढवणं हे त्यांचं कामच नाही असं सरकारनं ठरवून दिलंय. विकणाऱ्याच्या डोक्यावर विक्रीचं टार्गेट नसलं की तो गिऱ्हाइकाला नाही म्हणू शकतो.

अमळनेरकर
दुकान सरकारी झालं म्हणून सुधारलं असं मात्र नाही हां. तामिळनाडूत २००३ पासून किरकोळ विक्री टासमॅक ह्या सरकारी कंपनीकडेच आहे, राज्याची तिजोरी तिच्यावर इतकी टेकली की दुकानं बंद करा म्हणून बायांना रस्त्यावर यावं लागलं. आपल्याकडे दुकानं खाजगी, पण महसूल गोळा करायचा आणि कायदा पण पाळून घ्यायचा, दोन्ही उत्पादन शुल्क खात्याकडेच. खरी गाठ तिथं आहे.

काउंटरवाला_जळगाव
मी वाइन शॉपवर काम करतो. कायदा कडक आहे, बिअर-वाइनला २१, व्हिस्की-रमला २५, वर पिण्याचा परवाना. पण विचारतं कोण? पोराला परत पाठवलं तर तो बाहेर उभ्या माणसाच्या हातात पैसे देतो आणि तोच माणूस दोन मिनिटात काउंटरवर. मालकानं 'बाहेरच्यासाठी घेणाऱ्याला पण द्यायचं नाही' असं ठरवलं तरच आमच्यासारख्याला तोंड उघडता येतं. अजून एक सांगतो, लोकांना मापच माहीत नाही. ६५० मिलीची ८ टक्केवाली स्ट्राँग बिअर म्हणजे तीस-तीसचे चार पेग झाले. माणूस म्हणतो बिअरच तर आहे आणि लगेच मोटरसायकलला किक मारतो. १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमच्या वर सापडलं की पहिल्याच वेळी १० हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे चार पेगचं गणित मोठ्या अक्षरात दुकानात लावायला पाहिजे, खर्च काहीच नाही.

शिरपूरची_ताई
तापीकाठ भाऊ, आडव्या बाटलीचं नीट समजून घ्या. आधी २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांचं निवेदन, मग पडताळणी, मग गुप्त मतदान. आणि अर्ध्याहून जास्त मतं पाहिजेत ती यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या, आलेल्यांच्या नाही. म्हणजे जी बाई आली नाही ती उभ्या बाटलीच्याच, म्हणजे दुकान चालू ठेवायच्याच, बाजूला धरली जाते. कापूस वेचणीत किंवा दिवाळीनंतर घरं ऊसतोडीला गुजरातकडे गेली असताना तारीख पडली तर बाया जिंकूच शकत नाहीत. मयत आणि लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं यादीतून आधी कमी करून घ्या. हातभट्टीची भीती खोटी नाही, पण ती दुकान चालू असताना पण गाळलीच जाते ना? त्याच्या तक्रारी वेगळ्या, लेखी, पोच घेऊन द्या.

तापीकाठ (चोपडा)
ताई, यादीचं कोणाच्याच डोक्यात नव्हतं. गटाच्या बैठकीत घरोघरची यादी वाचायला घेतो. काउंटरवाले भाऊ, ते चार पेगचं गणित पंचायतीच्या फळ्यावर लिहिलं तर चालेल का, अजून कोणत्या बाटलीचं माप टाकू ते पण सांगा.

काउंटरवाला_जळगाव
बिनधास्त लिहा. क्वार्टर टाका, १८० मिली म्हणजे सहा पेग.