माकडांना राजा कशासाठी?

किपलिंग यांच्या १८९४ सालच्या ‘द जंगल बुक’मध्ये माकडांचा राजा असलेला ओरँगउटान, किंग लुई, नाही. डिस्नेने १९६७ च्या ॲनिमेशनपटासाठी तो निर्माण केला. ओरँगउटान बोर्निओ-सुमात्राचा आणि गोष्ट सिवनीच्या जंगलातली, ही विसंगती मी एक वेळ पोटात घालेन. मला सलते ते वेगळेच. मूळ कथेतल्या माकडांना राजा नाही, कायदा नाही, स्मरणही नाही, आणि त्यांचे भय व त्यांचा विनोद दोन्ही या अभावातूनच उपजतात. काटक्या विणून आडोसा कसा करायचा हे मोगलीकडून शिकून घेण्यासाठी ती त्याला पळवून नेतात. तो वेली गुंफू लागतो, तीही थोडा वेळ अनुकरण करतात, आणि लगेच कंटाळून एकमेकांच्या शेपट्या ओढू लागतात. राजा आला, की हे सारे मावळते.

प्रतिसाद १
मी असहमत आहे. पुस्तकात झुंड हेच पात्र होऊ शकते, परंतु लहान मुलाला पडद्यावर एक चेहरा आणि एक हव्यास लागतो. लुईला माणसाची आग हवी आहे, आणि त्यामुळेच शेवटी मोगली शेरखानच्या शेपटीला जळती फांदी बांधतो, तेव्हा त्या आगीचे मोल मुलांना आधीपासून ठाऊक असते. मूळ कथेतल्या माकडांना आगीचे काहीच पडलेले नाही. ही जोडणी पटकथेची स्वतःची कमाई आहे.

मूळ लेखक
आगीचा दुवा उत्तम आहे, हे मी मनापासून मान्य करतो. तरीही त्याची किंमत ‘का’ नावाच्या अजगराने मोजली. पुस्तकात माकडे त्यालाच भितात आणि तोच मोगलीच्या सुटकेला धावून येतो. चित्रपटात तो मोगलीलाच गिळायला टपलेला आहे. नवे पात्र आणताना जुन्याचे काम काढून घेतले, तर त्याला भर म्हणता येत नाही.

प्रतिसाद २
२०१६ च्या आवृत्तीत लुईला जायगँटोपिथेकस या नामशेष महाकाय वानराचे रूप दिले गेले. त्याने भूगोलाचा आक्षेप सौम्य झाला असेल, पण आपला मुख्य आक्षेप जिथल्या तिथेच राहिला, कारण राजा कायमच होता.

प्रतिसाद १
‘का’विषयीचा मुद्दा मला पटला. राजाविषयीचा अजूनही पटत नाही.