फोटोतल्या ट्रामवरून साल

पणजोबांच्या गिरगावातल्या फोटोत मागे ट्राम आहे, पण साल कसं काढायचं, असं विचारलंत. त्या ट्रामकडेच नीट बघा! मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ साली सुरू झाली, विजेवरची १९०७मध्ये, दुमजली १९२०मध्ये, आणि शेवटची धावली ३१ मार्च १९६४ला. वर ट्रामच्या विजेच्या तारा दिसत असतील तर फोटो १९०७च्या आधीचा असूच शकत नाही. ट्राम दुमजली असेल तर आणखी तेरा वर्षं पुढे या.

मग फोटो फ्रेममधून जपून काढा आणि मागची बाजू बघा. स्टुडिओचा शिक्का फार बोलका असतो. पत्त्यात पिनकोड असेल तर ती प्रत १९७२नंतरची, म्हणजे जुन्या फोटोवरून पुन्हा काढलेली. नुसतं 'मुंबई ४' असेल तर बहुधा त्याआधीची; आजच्या ४००००४मधला शेवटचा ४ तोच. 'सँडहर्स्ट रोड' दिसला तर नकाशात सरदार वल्लभभाई पटेल मार्ग शोधा, 'गिरगाव रोड' असेल तर जगन्नाथ शंकरशेट मार्ग.

पूर्वजांच्या नावांसाठी मात्र नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे जा. घराण्यातलं कुणी तिथे विधीला गेलं असेल, तर त्यांच्या नामावळीत पिढ्यान्‌पिढ्यांची नावं मिळू शकतात. आडनाव आणि मूळ गाव मात्र पक्कं ठाऊक हवं.

आणि घरातल्या वयस्कर आत्या-मावश्यांना तो फोटो आधी दाखवा, कागदपत्रं नंतर. चाळीच्या जुन्या भाडेपावत्या कुणाच्या ट्रंकेत आहेत, हे त्यांनाच माहीत असतं.