आगेऱ्याच्या लोंब्या प्लॅस्टिकमध्ये; मुलांना काय सांगू?

गावठाणातली टीचर:
अंधेरीकडच्या एका गावठाणात मी रविवारी मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. परवा आगेरा, म्हणजे आमचा नव्या पिकाच्या आशीर्वादाचा सण, झाला. आमच्याकडे भातशेती उरली नाही, आशीर्वादाच्या लोंब्या बाहेरून येतात. यंदा त्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्याच वेदीपाशी गेल्या. मिस्सा (चर्चमधली उपासना) संपल्यावर आवारात पिशव्या आणि थर्माकोलच्या डिशांचा खच. वर्गातल्या एका मुलीने लोंबीतला दाणा नखाने सोलला, आतला पांढरा तांदूळ तळहातावर घेऊन बराच वेळ बघत राहिली. तुसासकट भात तिने कधी पाहिलाच नव्हता!

मी पोप फ्रान्सिस यांच्या 'लाउदातो सी' या सृष्टीच्या जतनावरच्या पत्राबद्दल बोलले, तर एक पालक म्हणाले, "झाडांचं महापालिका बघेल, तुम्ही प्रार्थना शिकवा. बायबलात उत्पत्ती 1:28 मध्ये देवानेच माणसाला पृथ्वीवर सत्ता दिलीय." मला उत्तर सुचलं नाही. फार लागलंय ते. तुमच्याकडे यावर कसं बोलतात?

वसईकर:
आम्ही हे चर्चमध्येच ऐकत मोठे झालो. विहिरींचं पाणी टँकरने उपसलं जायचं आणि विहिरी खाऱ्या व्हायच्या, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीतून लोकांना घेऊन उभे राहिले. 'विहीर वाचवणं हे फादरचं काम नाही' असं आमच्या आजीला कोणी सांगून बघायचं होतं.

वचनवाचक:
त्या पालकांना पुढचा अध्याय वाचायला द्या. 2:15 मध्ये माणसाला बागेत ठेवलंय ते मशागत आणि राखण करायला. राखणीसाठी मूळ हिब्रू शब्द 'शामर'. हाबेलाला मारून काइन देवाला विचारतो, "मी काय भावाचा राखणदार आहे?" तिथेही हाच शब्द. म्हणजे बाग राखणं आणि भाऊ राखणं वेगळं नाही. लेवीय 25 सुद्धा बघा, सातव्या वर्षी जमिनीला विसावा.

दादरहून:
मी प्रोटेस्टंट. सृष्टीसाठी 1 सप्टेंबरला प्रार्थना करण्याची हाक 1989 मध्ये ऑर्थोडॉक्स चर्चचे पॅट्रिआर्क (धर्मप्रमुख) दिमित्रियोस यांनी दिली, 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनीही तो दिवस घेतला. आता 4 ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणापर्यंत, हा काळ पाळतात. तुमचा आगेरा त्याच्या अगदी लगत येतो. पुढच्या वर्षी स्टीलची ताटं घरोघरून मागवा, आम्ही तसंच करतो.

गावठाणातली टीचर:
'शामर' वहीत लिहून घेतला. गोराईला मामाकडे अजून थोडं भात आहे, कापणीला मुलांना नेते. त्या पालकांनाही बोलावलंय. लेवीय 25 वर मुलांसाठी सोपा धडा कोणाकडे आहे का?