९० ते १०५ च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं, बॅलन्सिंग करूनही जात नाही

कसारा_बायपास:
१.२ पेट्रोल हॅचबॅक, टायर १८५/६५ आर१५. चारही टायर नवे टाकले आणि त्याच वेळी बाहेरून घेतलेले अलॉय बसवले. तेव्हापासून ९० ला स्टिअरिंग थरथरायला लागतं, १०० ला सगळ्यात जास्त, ११५ च्या पुढे जवळजवळ थांबतं. ब्रेक दाबल्यावर वाढत नाही, गाडी कुठल्या बाजूला ओढत नाही. हवा ३३. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट झालंय, मशीनवर चारही चाकं शून्य दाखवतात. टायरवाला म्हणतो सस्पेन्शन बघा, गॅरेजवाला म्हणतो टायर बघा. लोअर आर्म (चाकाला सांगाड्याशी जोडणारा सस्पेन्शनचा खालचा दांडा) बदलायच्या खर्चात पडण्याआधी काय तपासून घेऊ?

चौथा_गिअर:
आधी थरथर चाकाची की इंजिनाची, हे वेगळं करा. रस्ता मोकळा असताना १०० ला पाचव्यातून चौथ्यात या आणि वेग तोच ठेवा. आरपीएम साधारण ३००० वरून ३८०० च्या आसपास जाईल, पण चाकं तेवढीच फिरतायत. थरथर तशीच राहिली तर इंजिन, माउंटिंग, क्लच यांच्यावरचा संशय काढून टाका. तुमच्या मापाच्या टायरचा घेर १.९५ मीटर, म्हणजे १०० ला चाकाचे सेकंदाला चौदाएक फेरे होतात. इंजिन त्याच वेळी पन्नास फेरे मारतं. चाकाची थरथर हाताला एकेक धक्का मोजता येईल इतकी ढोबळ लागते, इंजिनाची बारीक झिणझिणी असते.

दुसरं, ॲक्सिलरेटर सोडून बघा. दाबल्यावर थरथर आणि सोडल्यावर लगेच गायब असं असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनाची ताकद चाकाला पोचवणाऱ्या दांड्याचा) आतला, गिअरबॉक्सकडचा जॉइंट झिजलाय. बाहेरचा जॉइंट झिजला की वळताना कटकट करतो, त्याचं लक्षण वेगळं. ब्रेकला वाढत नाही म्हणताय, म्हणजे डिस्कचा प्रश्न नाही. अलाइनमेंट चुकल्याने गाडी ओढते आणि टायर खातं, नव्या टायरवर थरथर येत नाही. त्यासाठी पुन्हा पैसे घालू नका.

११५ ला थांबतं म्हणून दोष गेला असं समजू नका. चाकातला असमतोल वेगाच्या वर्गाने वाढतो. पण सेकंदाला तेरा-चौदा धक्के ही बऱ्याच छोट्या गाड्यांच्या पुढच्या सस्पेन्शनची स्वतःची लय असते, तिथे जुळलं की स्टिअरिंग हलतं. पुढे गेल्यावर फक्त हाताला जाणवत नाही, बेअरिंगला मार बसतच असतो. झिजलेलं बुश (सस्पेन्शनच्या सांध्यातलं रबर) किंवा टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा चाकाकडचा सांधा) ही थरथर मोठी करतं, पण मुळात निर्माण करत नाही. तेव्हा लोअर आर्मवर खर्च सगळ्यात शेवटी.

हब_आणि_बोअर:
वरच्याशी सहमत. मला यात अलॉयच दिसतायत. अलॉय काढून मागून मधल्या भोकाचा व्यास व्हर्नियरने मोजा. बाहेरचे अलॉय पुष्कळदा ७३.१ किंवा ६७.१ मिमी बोअरचे असतात, म्हणजे एकच रिम अनेक गाड्यांना चालावी. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो गाडीकडचा गोल भाग, ५४.१ चा. मधली जागा भरायला हब रिंग लागते. ती नसेल तर चाक हबवर टेकत नाही, फक्त चार नटांच्या उतारावर मध्यभागी येतं. टायरवाल्याने गाडी जॅकवर असतानाच हवेच्या गनने पहिला नट करकचून आवळला, की चाक त्या बाजूला सरकून तिथेच अडकतं.

मशीनवर शून्य येण्याचं कारण हेच. मशीन रिमला बोअरमध्ये कोन (शंकूच्या आकाराचा तुकडा) घालून धरतं, तुमच्या हबवर नाही. टायरसकट चाक १६ किलो धरा आणि ते अर्धा मिलीमीटर बाजूला बसलं असं समजा. रिमच्या काठावर ४० ग्रॅमचं वजन चिकटवल्याइतका असमतोल झाला. १०० च्या वेगाला तो चाकाला सहा किलोच्या जोराने दर फेऱ्याला ओढतो.

रिंग ७३.१ ते ५४.१ अशी दोन्ही मापं सांगून घ्या. ॲल्युमिनियमची घ्या, घाटात ब्रेक तापले की हलक्या प्लास्टिकच्या मऊ पडतात. बसवण्याआधी हबचा गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढा, रिम टेकते ती सपाट जागाही. गंजाचा एक पापुद्रा मध्ये राहिला तरी चाक तिरकं बसतं. चाक हवेत असतानाच चारही नट हाताने बसतील तेवढे लावा, मग पान्याने समोरासमोरचे हलके आवळा, गाडी खाली घ्या आणि टॉर्क रेंचने दोन टप्प्यांत पूर्ण करा. आकडा मॅन्युअलमधला, छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर. स्टडला (नट ज्यावर बसतो त्या आट्याच्या दांड्याला) ग्रीस लावू नका, त्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो. ५०–१०० किमीनंतर पुन्हा तपासा.

बॅलन्सिंग परत कराल तेव्हा शेजारी उभे राहा. शून्य आल्यावर चाक सैल करून शाफ्टवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा धरायला सांगा. दहा ग्रॅमच्या वर काही दिसलं तर कोन नीट बसला नव्हता, आधीचं शून्य खोटं. बरीच मशीन पाचच्या खालचं वजन लपवतात, बारीक मोजणीचं बटण दाबून घ्या. रिमच्या आतल्या बाजूचा वाळलेला चिखल आणि जुन्या वजनांचा डिंक आधी खरवडून घ्या, पावसाळ्यानंतर तर हमखास.

कसारा_बायपास:
मोजलं. बोअर ७३.१, रिंगा नव्हत्याच. रिंगा घालून, सांगितल्याप्रमाणे नट आवळून बघितलं, स्टिअरिंग शांत झालं. चौथ्या गिअरच्या तपासणीत थरथर तशीच होती, म्हणजे चाकाचीच होती. पण १०० च्या आसपास सीटखाली अजून थोडी जाणवते.

हब_आणि_बोअर:
सीटला म्हणजे मागचं चाक. मागची बाजू जॅकवर घ्या, स्टँड लावा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, हँडब्रेक सोडलेला. विटेवर स्क्रू ड्रायव्हर असा ठेवा की टोक रिमच्या काठाला लागता लागता राहील. चाक हळू फिरवा आणि फट बघा. रिम अर्धा-पाऊण मिमीपेक्षा जास्त हलत असेल तर आउट, म्हणजे वाकडी आहे, तिला वजन चिकटवून फायदा नाही. मग तसंच टायरच्या मध्यावर, तिथे दीड मिमीपर्यंत चालेल.

रिम सरळ आणि टायर वर-खाली होत असेल तर हवा काढून टायर त्याच रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवायला सांगा. टायरचा उंच भाग रिमच्या खोल भागावर आला की पुष्कळ फरक पडतो. टायरवर लाल ठिपका असेल तर तो उंच भाग. पिवळा ठिपका म्हणजे हलकी बाजू, तो व्हॉल्व्हजवळ येतो. यानंतर बॅलन्सिंग नव्याने लागेल.

चौथा_गिअर:
एक जपा. हीच थरथर कधी ३०–४० च्या वेगालाही डुलल्यासारखी जाणवली किंवा टायरच्या नक्षीवर हाताला उंचवटा लागला, तर टायरच्या आतला तारेचा पट्टा (बेल्ट) सुटतोय. नव्या टायरलाही होतं, खड्ड्यात जोरात आपटल्यावर विशेष. तो टायर समृद्धीवर नेऊ नका, लगेच स्टेपनी लावा. उलट गाडी बरेच दिवस एका जागी उभी होती आणि पहिले १५–२० किमी थरथरून थांबली, तर टायरला बसलेला सपाट डाग तापून निघालाय, त्यात करण्यासारखं काही नाही.

तपासणी डांबरी रस्त्यावर करा. काँक्रीटच्या रस्त्यावर साधारण साडेचार मीटरवर सांधे असतात, १०० ला सेकंदाला सहा ठोके सीटला लागतात. तुम्हाला सीटखाली राहिलेलं तेच आहे का, हे आधी बघा, मग जॅक काढा.